सावली छाप कुंकवाची निरवानिरव

॥ श्री ॥

मी, भगवंतराव वल्द संपत ढोले, जात माळी, धंदा बागाईत व कुंकवाचा कारखाना, राहणार वाशीम, जिल्हा अकोला, प्रांत वऱ्हाड, वय पासष्टाच्या आसपास, हा लेख माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. ताप उतरला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. मरणाचा कागद इतक्यात करू नका म्हणून दोघे भाऊबंद पाया पडून गेले, पण त्यांचे मी ऐकले नाही, तेव्हा तेही दडपणात धरू नये. लहानपणी शाळेत पाठ केलेल्या कविता आज सकाळी साक्षीदारांपुढे एक ओळ न चुकता म्हणून दाखवल्या. बुद्धी शाबूत असल्याचा याहून चांगला पुरावा माझ्याजवळ नाही.

वकीलसाहेबांनी मला एका पानाचा नमुना दिला होता. त्यात कोणती वस्तू कोणास एवढेच लिहायचे होते. पण वस्तू कशी झाली हे सांगितल्याशिवाय ती कोणास आणि का, हे माझ्यामागे कोणास कळणार नाही. म्हणून लेख लांबला आहे. वाचणाऱ्याने पाणी पिऊन वाचावा.

याआधी मी एक कागद करून ठेवला होता, त्यात कारखाना माझा मुलगा नथ्थू यास दिला होता. तो कागद या लेखाने रद्द झाला. हा लेख लिहिण्याचे खरे कारण एकच आहे. माझ्यामागे कारखाना चालू राहावा, तो माझा जुना भागीदार चंपत याच्या हाती जाऊन मोडू नये.

कलम १. मळा. पद्मतीर्थाच्या वाटेवरचा मळा, त्यातली विहीर, मोट, बैलजोडी व गोठा ही वडिलोपार्जित मिळकत आहे. ती नथ्थूची आहे. मी दिली असे म्हणण्याचा मला हक्क नाही, आणि काढून घेतो म्हणण्याचाही नाही. नथ्थूला वांग्यातले कळते. त्याच्या हातची वांगी बाजारात उभी राहात नाहीत, दुपारच्या आत संपतात. हे मी रागात असतानाही लिहितो, कारण ते खरे आहे.

कलम २. घर. गावातले राहते घर नथ्थूचे. मात्र पूर्वेकडच्या दोन खोल्यांत माझी मुलगी गोजराबाई हयात असेतो राहील. तिला तेथून कोणी उठवू नये. तिच्या चुलीचा धूर कोणाच्या डोळ्यात गेला तर त्याने डोळे पुसावेत.

कलम ३. कारखाना. कारखाना म्हटले म्हणजे वाचणाऱ्यास धुराडे दिसेल. धुराडे नाही. मळ्याला लागून मी माझ्या कमाईने घेतलेल्या जागेवर कुडाच्या भिंतींची एक लांब पडवी आहे, वर पळसाची पाने शाकारलेली. आत दोन दगडी उखळे, लाकडी पाट्या, वस्त्रगाळ करण्याच्या चाळण्या, एक तराजू, आणि पुडीवर छाप मारण्याचा सागाचा ठसा. एवढाच कारखाना. ही मिळकत स्वकष्टार्जित आहे. तिच्यात वडिलांचा पैसा नाही, मुलाचा घाम नाही. वकीलसाहेब म्हणाले की हे वाक्य फार महत्त्वाचे, ते ठळक लिहा. लिहिले.

आता हा कारखाना उभा कसा राहिला ते सांगतो.

मी आणि चंपत एका पाटीवर लिहीत मोठे झालो. वाशीमच्या मराठी शाळेत गुरुजी आम्हा दोघांना उभे करून कविता म्हणायला लावीत, एक ओळ त्याची, एक माझी. शाळेच्या खिडकीतून गाजराच्या वाफ्यांचा वास यायचा. चंपतचा आवाज गोड होता, पाठांतर कच्चे होते. तो अडखळला की त्याची ओळ मी हळूच सांगायचो आणि गुरुजींना ते दोघांचेही पाठ वाटायचे. ते दिवस मला अजून स्वप्नात येतात. स्वप्नातही तो अडखळतो.

स्वदेशीची हवा आली त्या सुमारास आम्ही तिशीच्या आत होतो. आमच्या मळ्यातली हळद व्यापारी घेऊन जात आणि तीच हळद परगावाहून कुंकू होऊन आमच्याच बायकांच्या कपाळी येई. मी चंपतला म्हटले, हळद आपली, लिंबे आपली, मग कुंकू दुसऱ्याचे कशाला? दोघांनी मिळून सुरुवात केली. हळकुंडे भिजवून चिरायची, लिंबाच्या रसात टाकणखार आणि तुरटी घालून त्यात मुरू द्यायची, वाळवायची, कुटायची, गाळायची. या मुरवलेल्या मालाला आम्ही भिजवण म्हणतो.

भिजवण लाल व्हायची, पण वाळली की विटकरी, आणि कुटली की कातासारखी काळपट. आम्ही लिंबे बदलली, टाकणखार अकोल्याहून आणून पाहिला, विहीर बदलली, उखळ बदलले. मारुतीला नारळ फोडला. एक गोष्ट मात्र बदलली नाही, कारण ती बदलण्याजोगी आहे हेच ध्यानात आले नाही. आम्ही माळी माणसे. मिरची उन्हात, हळद उन्हात, वालाचे दाणे उन्हात. ओले ते उन्हात टाकायचे, हे आम्हाला कोणी शिकवलेले नव्हते, म्हणून कोणी विचारलेही नाही. भिजवण आम्ही दरवेळी खळ्यावर कडक उन्हात पसरली आणि दरवेळी उन्हाने तिचा रंग खाल्ला.

चंपत एक दिवस खळ्याच्या कडेला बसला. म्हणाला, "भगवंता, हे होत नाई. मानसाले कुठं थांबाव हे कळलं पायजे."

मी म्हटले, "आनखी एक भिजवन घालू."

"तुह्या एका भिजवनीनं माह्या घरची चूल पेटन काय?"

तो उठला, धोतर झाडले आणि एका कापसाच्या अडत्याकडे तोलाईला लागला. तो गेला याचा मला राग नाही. पोट कोणाला चुकले आहे. बाजारात मला पाहून तो माझ्याकडे बोट दाखवून हसायचा आणि दुसऱ्यांना म्हणायचा, "हे आमचे कुंकूवाले. बायकोच्या कपाळी मात्र परगावचं." तेही मी हसण्यावारी नेले, कारण ते खरे होते.

शके १८३३ च्या वैशाखात गोजराचे लग्न निघाले. अंगणभर मांडव पडला, जांभळीच्या डहाळ्यांचा, दाट. मी नुकतीच भिजवण काढून पाट्यांत घातली होती. माझी बायको आवडाबाई म्हणाली, "व्याही येऊन राह्यले अन् अंगनात तुमचा हा चिखल." तिने पाट्या उचलून मांडवाच्या कोपऱ्यात, रांजणांमागे सरकवल्या आणि वर जुने लुगडे टाकले. लग्न चार दिवसांचे. कोणाला पाट्यांची आठवण नाही. वरात अनसिंगला गेली, आवडाबाई पसारा आवरायला बसली आणि तिने लुगडे उचलले.

"आइकलं काय," तिने हाक मारली, "इकडं या. हे पाहा काय झालं."

पाट्यांत पिकलेल्या तोंडल्याचा लाल रंग होता. मी माल कुटून पाहिला, गाळून पाहिला, हातावर घासून घामाने भिजवून पाहिला. रंग हलला नाही. मांडवाच्या सावलीने केले ते उन्हाने इतकी वर्षे होऊ दिले नव्हते.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मी चंपतपेक्षा शहाणा नव्हतो. सावली मी शोधली नाही. पण मांडवाची सावली पडली तेव्हा खाली पाटी माझी होती. चंपतच्याही मुलीचे त्याच साली लग्न झाले, त्याच्याही दारी तसाच मांडव होता. त्याच्या मांडवाखाली पाटी नव्हती, एवढाच फरक.

कलम ४. ठसा. जर्मनीशी पहिली लढाई लागली आणि विलायती रंग यायचा बंद झाला. रंग घालून कुंकू करणारे बसून राहिले आणि आमचा माल मागणीला पुरेना. तेव्हा चंपत परत आला. मी दारात उभा होतो. मी त्याला कवटाळले. त्या दिवशी मला गुरुजींची शाळाच परत भरली असे वाटले.

कुंकवाचे नाव मी ठेवले, सावली छाप. पुडीवर छापायला दोन ओळी केल्या. त्या माझ्याच आहेत, कोणत्याही पुस्तकातल्या नाहीत:

लिंबाच्या रसात हळद भिजे, सावलीत बसून लाली सजे ।
घाईने जो उन्हात नेई, त्याच्या हाती माती येई ॥

चंपत म्हणाला, "कुंकू घेनाऱ्या बायाले वाचता येते काय?" मी म्हटले, पुडी बांधणाऱ्याला येते, तेवढे पुरे. त्याच ओळी सागाच्या ठशात कोरल्या आहेत. हा ठसा कोणाला मिळतो त्यावरच सध्या सगळे भांडण आहे.

कलम ५. गोजराबाई. मानमोडीच्या तापाच्या साथीत आवडाबाई गेली आणि महिना व्हायच्या आत अनसिंगला गोजराचा नवरा गेला. गोजरा कुंकू पुसून माहेरी आली, तेव्हा विशीची होती. कुंकू वस्त्रगाळ करायची जागा आवडाबाईची. ती जागा रिकामी होती. गोजरा एक दिवस त्या जागेवर जाऊन बसली आणि चाळणी हातात घेतली. मी तिला बस म्हटले नाही, ऊठ म्हटले नाही. विधवेने कुंकवाला हात लावू नये हे मला माहीत होते, तिलाही होते. चंपतने पाहिले, पण हरकत घेतली नाही. उलट म्हणाला, पोरीचा हात आईसारखा हलका आहे.

लढाई संपली, विलायती रंग पुन्हा आला, स्वस्त आला. चंपतने रंगाची पुडी माझ्यापुढे टाकली.

"पोतंभर हळदीले चिमूटभर रंग. आज घातला, उद्या माल तयार. तू बस सावल्या राखत."

"त्यानं कपाय जळते, चंपत."

"कपाय तुह्यं हाये का?"

मी नाही म्हटले. त्याने हिशोब करून आपला वाटा घेतला, तो मी दिला. पुढच्या आठवड्यात मी मेडशीच्या बाजाराला गेलो. तेथे मोतीबाई सुया, दोरे, फण्या आणि आमचे कुंकू विकत असे. तिने पुड्यांची टोपली तशीच माझ्यापुढे सरकवली.

"दादा, तुमचं कुंकू चांगलं हाये," ती म्हणाली, "पन बाया हात लावत नाई. चंपतभाऊ सांगून गेले, हे रांडाव बाईच्या हातचं हाये म्हनून."

चंपत खोटे बोलला नव्हता. म्हणूनच ते मला सोसेना. खोटे असते तर मी बाजारात उभे राहून ते खोडून काढले असते. त्याने आमच्या घरातले खरे उचलले, माझ्या मुलीचे दुःख उचलले आणि बाजारात नेऊन पसरले. त्याच बाजारात त्याचे रंगाचे कुंकू मांडलेले होते. ज्या पोरीला त्याने अंगाखांद्यावर खेळवले, तिच्या लग्नात ज्याने पंगतीत तूप वाढले, त्याने हे केले. मला त्या दिवशी मेडशीहून घरी येताना बैल कोणत्या वाटेने आणत आहेत तेही कळले नाही.

मी कारखाना बंद करतो म्हणालो. गोजराने ऐकून घेतले आणि पुढच्या बाजाराला स्वतः मेडशीला गेली. उघड्या कपाळाने चटईवर बसली, पुढे तराजू आणि कुंकवाची रास. मी मागे झाडाखाली उभा होतो. बायका येत, पाहात, कुजबुजत आणि जात. एकीने मोठ्याने विचारले, "तुह्या हातचं हाये काय वं?"

"हाव, माह्या हातचं हाये. घ्याचं असन तं घे."

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ती दर बाजाराला तशीच बसली आणि जशी गेली तशीच रास घेऊन परत आली. मी म्हटले, पोरी, आता पुरे. ती म्हणाली, "बाबा, तुमी उन्हात येवढे वर्षं काढले, मले थंडीत चार बाजार काढू द्या ना."

संक्रांतीनंतर एक बाई पदर कपाळावर ओढून आली. रंगाच्या कुंकवाने भुवयांच्या मध्ये फोड आली होती. तिने वाकून विचारले, "खाजत नाई ना हे?"

"नाई."

"तू सोता लावत नाईस, मंग कायले बनवतं वं?"

"मले लावाचं नाई, इकाचं हाये," गोजरा म्हणाली.

बाईला हसू आले आणि तिने एक पुडी घेतली. ती पुढच्या बाजाराला आली तेव्हा तिच्याबरोबर तिची जाऊ होती. पुढे मोतीबाईने टोपली परत मागून घेतली. त्यानंतरची वीस वर्षे आमचे कुंकू मेडशी, शिरपूर, अनसिंगच्या बाजारांत गेले आहे आणि कोणाच्या हातचे हे सगळ्यांना माहीत आहे. काही बायका अजून घेत नाहीत. त्यांनी घेऊ नये, त्यांचा तो हक्क आहे.

म्हणून लिहितो की हा कारखाना पहिल्यांदा मांडवाच्या सावलीत उभा राहिला आणि दुसऱ्यांदा मेडशीच्या चटईवर. दुसऱ्या खेपेला मी नुसता पाहणारा होतो.

कलम ६. नथ्थू. आता ही दुसरी लढाई चालू आहे. रंग पुन्हा यायचा बंद झाला आहे आणि चंपतचा धंदा पुन्हा बसला आहे. लढाई लागली की चंपत येतो, हे मी ओळखून होतो. पण या खेपेला तो माझ्या दारी आला नाही. माझ्या मुलाच्या दारी आला.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. मी तापात आत खाटेवर होतो. भर दुपार. ओट्यावर दोघे बोलत होते आणि कुडाच्या भिंतीला कान असावे लागत नाहीत.

चंपत म्हणाला, "बुढा झोपला काय?"

"झोपला. आता दिवसभर झोपूनच राह्यते."

"मंग बोलून टाक. उखयं, पाट्या राहू दे तुह्यापाशी. मले ठसा पायजे अन् सावली छाप नाव पायजे. त्या नावावर माती बी खपते. जागेत मी कापसाची सरकी भरीन."

"अन् बाईचं काय?" नथ्थू थोरल्या बहिणीला बाई म्हणतो.

"तिले भाजीच्या दुकानावर बसव. वांगे इकाले रांडाव चालते."

नथ्थूने चहाचा कप खाली ठेवला. मला वाटले, आता उठेल. मी खाटेवर त्याच्या उठण्याची वाट पाहिली. तो म्हणाला, "बाबा जिते हाये तोवर ठसा नाई भेटनार."

"म्हनून तं म्हनतो, त्याचं होऊ दे. पन शब्द आज दे."

"देला," नथ्थू म्हणाला.

चंपतने मला दोनदा सोडले आणि एकदा बाजारात नागवे केले. त्याची मला सवय होती. नथ्थूची नव्हती. मेडशीला दर बाजारी गोजराला गाडीतून नेऊन सोडायचा तो हाच नथ्थू. थंडीत तिच्या पायावर स्वतःची घोंगडी टाकायचा. त्याने तो शब्द दिला, तोही चहाच्या एका कपावर, माझ्याच ओट्यावर. त्यानंतर मी बरा झालो. मला बरे व्हायचे नव्हते, पण कागद बदलायचा होता.

कलम ७. दान. वर कलम ३ मध्ये लिहिलेली जागा, पडवी, उखळे, पाट्या, चाळण्या, तराजू, कलम ४ मधला ठसा, आणि सावली छाप हे नाव, हे सर्व मी माझी मुलगी गोजराबाई, विधवा, हिला संपूर्ण मालकीहक्काने देतो. विकण्याचा, देण्याचा, मोडण्याचा, आपल्यामागे कोणास नेमण्याचा सर्व अधिकार तिचा. तिने कारखाना चालवलाच पाहिजे अशी अट मी घालत नाही. वकीलसाहेबांनी सुचवली होती. अट घालून कोणाकडून चिकाटी करवून घेतली तर ती वेठ होते.

कलम ८. चंपत. आमची पहिली भिजवण, जी काळी पडली, ती मी एका बरणीत ठेवली आहे. ती चंपतला द्यावी. ती अर्धी त्याचीच आहे. त्याने तेराव्याला यावे, पोटभर जेवावे. माझ्या नावाने कविता म्हणू नये. त्याला ओळ आठवणार नाही आणि सांगायला मी नसेन.

कलम ९. किरकोळ. पोस्टातल्या शिलकीतून माझी क्रिया करावी, उरलेले नथ्थूची मुलगी रुख्मिणी हिच्या शाळेसाठी खर्चावे. माझी कवितांची पुस्तके तिलाच द्यावीत. तिने ती मोठ्याने वाचावीत, मनात वाचून कविता कळत नाही. उखळावर काम करणारा रामधन यास मी माझी घोंगडी देणार होतो. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही. रामधनला म्हटले, घोंगडी घे नाहीतर साक्ष दे. तो म्हणाला, "साक्ष देतो. घोंगडी तं गोजराबाई देईनच."

कलम १०. नवा धंदा काढणाऱ्यास. हे कलम कोणालाच काही देत नाही, तरी राहू द्यावे. रुख्मिणीने किंवा तिच्या मुलांनी कधी काही नवे काढले तर त्यांच्यासाठी आहे. धंदा उभा करताना टिकून राहावे असे सगळे सांगतात. पण आम्ही त्याच उन्हात तीच भिजवण पुन्हा पुन्हा पसरली, ती चिकाटी नव्हती, तो हट्ट होता. दर वेळी काहीतरी एक बदलावे, आणि बदलायचे सुचेनासे झाले की आपण न विचारता काय करत आहोत ते पाहावे. तिथेच बहुधा ऊन असते. आणि सोबती निवडताना तो चांगल्या दिवसांत किती हसतो ते पाहू नये. माल फुकट गेल्यावर पाट्या कोण धुतो ते पाहावे. आमच्या घरी त्या आवडाबाईने धुतल्या, मग गोजराने. हे मला साठीनंतर दिसले.

कलम ११. सुतक. काल एक भिजवण घातली आहे. मी गेलो त्या दिवशीही एखादी घातलेली असेल, कारण कारखाना चालू असला म्हणजे ती असतेच. नथ्थूला माझे सुतक दहा दिवस, गोजराला लग्न झालेली लेक म्हणून तीनच. भिजवण तीन दिवस मुरते आणि चौथ्या दिवशी पसरली नाही तर सडते. तेव्हा शास्त्र आणि कुंकू यांचा मेळ बसतो. चौथ्या दिवशी सकाळी गोजराने आंघोळ करून पडवीत जावे आणि माल पसरावा. कोणी नावे ठेवली तर हा कागद दाखवावा. ठेवणारे तरीही ठेवतील, ती मेडशीला बसलेली आहे, तिला त्याचे काही नाही.

कलम १२. संमती. हा लेख मी आधी गोजराला वाचून दाखवला. ती ऐकत ऐकत चाळणी शिवत होती. शेवटी म्हणाली, "नथ्थूले माहीत हाये?"

मी नाही म्हटले.

"मंग त्याले बी वाचून दाखवा. तुमच्यामांगं कयलं तं मनात गाठ राहीन. समोर कयलं तं भांडन. भांडन बरं."

म्हणून आज सकाळी नथ्थूला बोलावले. साक्षीदार बसले होते. कलम ६ वाचताना माझा आवाज शाळेसारखा चढला, मला तो खाली आणता आला नाही. नथ्थू मान खाली घालून होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "शब्द देला होता मी. वस्तू कुठं देली होती."

मी म्हटले, "चंपतले देला. मले नाई देला कधी."

"मले काय, नुसते वांगे?"

गोजरा म्हणाली, "वांगे तू चांगले पिकवतं रे. कुंकवाचं मी पाहीन. चंपतभाऊले सांग, नाव इकाचं नाई, माल पायजे तं बाजारात ये, पुडीचा जो भाव तोच तुले."

तो उठला. उंबऱ्यात थांबून तिच्याकडे पाहिले आणि मळ्याकडे गेला.

वकीलसाहेब म्हणतात, मुलाच्या संमतीची कायद्याला गरज नाही. मला आहे. त्याच्या सहीसाठी मी खाली जागा ठेवली आहे. तिथे दुसऱ्या कोणी काही लिहू नये. रेघ मारून ती बंदही करू नये. मी गेल्यावरही त्याला सही करता येईल.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांस वाचून दाखवला आणि त्यांच्यासमक्ष सही केली. मी सही करताना त्यांनी पाहिले, त्यांनी सही करताना मी पाहिले.

मुक्काम वाशीम, तारीख १४ माहे नोव्हेंबर सन १९४३

दस्तुरखुद्द
भगवंतराव वल्द संपत ढोले

साक्षीदार
१. गोविंदसिंग वल्द मोहनसिंग, पेन्शनर शाळामास्तर, राहणार वाशीम. सही.
२. रामधन वल्द सोमला, धंदा मजुरी, राहणार वाशीमजवळील तांडा. निशाणी डाव्या हाताचा अंगठा, नाव गोविंदसिंग यांनी लिहिले.

संमती
नथ्थू वल्द भगवंतराव ढोले:



(वरची जागा मुद्दाम ठेवली आहे. भ. सं. ढोले)